वाचकांचे प्रश्न : राग रक्तात मोजता येतो का?

प्रश्न : माझे पती 36 वर्षांचे आहेत. हल्ली क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येतात. नणंदबाईंनी सुचवलं म्हणून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासलं, आकडा 780 आला. रागाचं मूळ हेच का? – एक वाचक, दिघोरी

उत्तर : नाही. लठ्ठ नसलेल्या, निरोगी, 19 ते 39 वयाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण 264 ते 916 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. 780 त्यात आरामात बसतं. 950 आलं असतं तरी उत्तर बदललं नसतं. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले तर रक्तातलं प्रमाण आणि आक्रमक वागणूक यांचा परस्परसंबंध 0.05 ते 0.08 च्या आसपास निघतो. पूर्ण जुळणी म्हणजे 1. म्हणजे एक माणूस तापट आणि दुसरा शांत का, यातला एक टक्काही या आकड्यावरून कळत नाही.

दारू, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणं, थायरॉइड आणि नैराश्य यांची आधी चौकशी करा. पुरुषांचं नैराश्य अनेकदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसतं. टेस्टोस्टेरॉन फार कमी झालं तरीही माणूस चिडचिडा होतो, हे नणंदबाईंनाही सांगा. हात उगारला जात असेल तर मात्र रिपोर्टची वाट पाहू नका : 112 किंवा महिला हेल्पलाइन 181. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, 14416. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : गोऱ्हा खच्ची केला की बैल शांतपणे जू घेतो, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. मग माणसाचंच वेगळं कसं? – एक शेतकरी, उमरेड

उत्तर : तुमचं निरीक्षण पक्कं आहे. 1849 मध्ये जर्मनीतल्या गटिंगनला बेर्थोल्ड या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर हेच पाहिलं. वृषण काढले की आरवणं, झुंजणं थांबलं आणि तुरा आक्रसला; वृषण परत पोटात बसवले की सगळं पूर्ववत. पण खच्ची करणं म्हणजे पुरवठा जवळपास बंद करणं. एकाचं 400 आणि दुसऱ्याचं 800, ही तुलना निराळी. मारकुटेपणा अंगवळणी पडल्यावर उशिरा खच्ची केलेला बैल शिंगं रोखायचं लगेच विसरत नाही, हेही तुम्ही पाहिलंच असेल.

शिवाय हे गणित उलटंही चालतं. जॉन विंगफिल्ड या शास्त्रज्ञाने 1990 मध्ये पक्ष्यांवरून मांडलं की हद्दीसाठी किंवा मादीसाठी झुंज लागली की हे हार्मोन चढतं, पिल्लं वाढवताना उतरतं. माणसांत बुद्धिबळाचा डाव जिंकणाऱ्यांतही ते चढलेलं दिसलं आहे. फिलिपिन्समधल्या सेबूच्या तरुणांत, बाप झाल्यावर सकाळचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरलं. आणि चावणं, मारणं, ढकलणं सर्वांत जास्त कोणत्या वयात? दोन-तीन वर्षांच्या पोरांत, जेव्हा टेस्टोस्टेरॉन नावापुरतंच असतं.

प्रश्न : वय 23. जिममधल्या दादाच्या सांगण्यावरून तीन महिने दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं 500 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतोय. डोकं फिरतं म्हणतात, खरं आहे का? – एक वाचक, नंदनवन

उत्तर : आधी मात्रा समजून घ्या. ज्यांच्या शरीरात हे हार्मोन खरंच बनत नाही, त्यांना डॉक्टर आठवड्याला 75 ते 100 मिलिग्रॅम देतात. तुमची मात्रा त्याच्या पाचपट किंवा त्याहून जास्त.

1996 च्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम, 10 आठवडे दिलं. स्नायू वाढले, राग वाढला नाही. 2000 साली हॅरिसन पोप हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्रा 600 पर्यंत चढवत नेली. बहुतेकांवर फारसा परिणाम नाही, मोजक्यांची मात्र मनःस्थिती उन्मादाकडे झुकली. ते मोजके कोण असतील हे आधी ओळखता येत नाही, खरी अडचण इथेच आहे. त्यात प्रयोगातलं औषध शुद्ध होतं, लोक तपासून घेतलेले होते. जिममध्ये सोबत ट्रेनबोलोन हे दुसरं स्टिरॉइड, उत्तेजक पावडर, जागरण असतं; आणि बाटलीत काय आहे याचा भरवसा नाही.

समजुतीचा वाटाही मोठा. 2010 च्या एका प्रयोगात स्त्रियांना 0.5 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा नुसतं बनावट औषध देऊन पैसे वाटायला लावले. हार्मोन घेतलेल्यांनी वाटणी जास्त न्याय्य केली. ‘आपल्याला हार्मोन मिळालं’ असं समजणाऱ्या हावरटपणे वागल्या, मग प्रत्यक्षात काहीही मिळालेलं असो. ‘आता तू सांड होशील’ असं दादाने सांगितलं असेल, तर निम्मं काम त्या वाक्याने केलंय.

आता शरीराचं. बाहेरून भरपूर मिळतंय म्हणून मेंदू एलएच आणि एफएसएच हे वृषणांना कामाला लावणारे संदेश थांबवतो; वृषण लहान होतात, शुक्राणू शून्यापर्यंत उतरू शकतात. बंद केल्यावर स्वतःचं उत्पादन सावरायला अनेक महिने, कधी वर्षभर लागतं. त्या काळात उदासी आणि चिडचिड होते, आणि लोक तीच ‘इंजेक्शनची गरमी’ समजून पुन्हा टोचून घेतात. रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांवर गेलं तर उपचारातही डोस थांबवतात. मे महिन्यात 45 अंशांत घाम गाळून पाणी कमी पडलं की हा आकडा आणखी वर सरकतो.

पुढचा डोस घेऊ नका. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या ओपीडीत जाऊन किती, काय, कधीपासून हे सगळं खरं सांगा. सीबीसी, लिपिड, यकृताची एन्झाइम्स, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि वीर्यतपासणी करून घ्या. टेस्टोस्टेरॉनचा नमुना उपाशीपोटी, सकाळी 7 ते 10 मध्ये द्यावा. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर किमान दोन दिवस आधी बंद करा, नाहीतर काही यंत्रांवर आकडा खोटाच जास्त येतो. आणि जीव नकोसा वाटायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचार विभाग गाठा.