ॲन्युरिझममध्ये ‘न्यूरो’ नाही, मायकॉटिकमध्ये बुरशी नाही

प्रश्न असा: ‘मायकॉटिक ॲन्युरिझम’ला मराठीत ‘बुरशीजन्य धमनीविस्फार’ म्हणावे का?

अजिबात नको. त्याआधी एक ठसठस मोकळी करतो. ॲन्युरिझम म्हणजे धमनीला आलेला फुगवटा. त्या शब्दात ‘न्यूरो’ आहे, म्हणून तो मेंदूचाच आजार, हे मी सुशिक्षितांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की कान किटले. या ग्रीक शब्दाची फोड आहे ‘अना’ अधिक ‘एउरुस’. एउरुस म्हणजे रुंद. आणि हा एउरुस कोण? आपल्या संस्कृतातल्या ‘उरु’चा सख्खा भाऊ! ‘शं नो विष्णुरुरुक्रमः’मधला लांब ढांगांचा उरुक्रम, विस्तीर्ण म्हणून ‘उर्वी’ झालेली पृथ्वी आणि फुगून रुंदावलेली धमनी, तिघांचे कूळ एकच. (मांडीचा ‘ऊरु’ आणि छातीचा ‘ऊर’ कृपया यात घुसडू नका.) ‘विस्फार’ हा प्रतिशब्द म्हणूनच नेमका आहे. काही जण ‘विस्फोट’ लिहितात. विस्फार फुटला तर पुढची गोष्ट; आधी तो फुगतो.

आता मायकॉटिक. ग्रीक ‘मुकेस’ म्हणजे अळंबी. कॅनडाचे वैद्य विल्यम ऑस्लर यांनी 1885 मध्ये लंडनच्या व्याख्यानांत हे विशेषण वापरले. त्यांना हृदयाच्या झडपांवरची जंतूंची वाढ अळंबीसारखी दिसली म्हणून, एवढे सांगून बहुतेक जाणकार हात झटकतात. मला हे अपुरे वाटते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी 1857 मध्ये जिवाणूंच्या गटाला नाव दिले ‘शिझोमायसेटिस’, म्हणजे दुभंगून वाढणाऱ्या बुरश्या. त्या काळात जिवाणू बुरशीच्याच पंगतीला बसत. मग ऑस्लर यांचे चुकले कुठे? चुकतो तो आज अक्षरार्थ लावणारा. क्षयाचा जंतू ‘मायकोबॅक्टेरियम’ हे नाव 1896 पासून मिरवतो, म्हणून क्षयाला कोणी बुरशी म्हणते का?

प्रत्यक्षात घडते ते असे. हृदयाच्या झडपेवर वाढलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटतो, रक्तातून वाहत जातो आणि धमनीला फाटा फुटतो तिथे अडकतो, नाहीतर धमनीच्या भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांत. जंतू आणि त्यांच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींची विकरे (एन्झाइम) मिळून भिंतीतले लवचीक तंतू विरघळवतात; रक्ताचा दाब उरलेले काम करतो. साल्मोनेला या जिवाणूला तर तुकडाही लागत नाही. मेदाचे थर साचून खडबडीत झालेल्या महाधमनीच्या अस्तरात तो थेट ठाण मांडतो. शेजारच्या गळवातून किंवा दूषित सुईतूनही जंतू शिरतात. नेहमीचे गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस आणि हा साल्मोनेला, तिघेही जिवाणू.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. ‘जंतुसंसर्गजन्य धमनीविस्फार’ म्हणा. खरोखरीच्या बुरशीने, उदाहरणार्थ ॲस्परजिलसने, क्वचित झालाच, तर तेवढ्यापुरते तुमचे ‘बुरशीजन्य’ राखून ठेवा.