तळ्याकाठच्या शिबिरावर सेवेला जाताना

तुम्ही दोघं अमेरिकेतल्या युटा राज्याच्या डोंगरात, लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या युवाशिबिरावर ज्येष्ठ मिशनरी, म्हणजे उतारवयात बिनपगारी सेवा करणारं जोडपं, म्हणून निघालात, छान. पण प्रवचनांपेक्षा गुडघ्यांची तयारी करा. तिथे बायबलइतकाच पाना-पक्कड लागतो: गळके नळ, तुंबलेले संडास, पायवाटेवर आडवी पडलेली झाडं.

८,००० फूट उंचीच्या आसपास पहिले काही दिवस दम लागतो, डोकं दुखतं. पाणी पीत राहा, ओझी उचलायची घाई नको. पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, तेव्हा डाळीसाठी कुकर न्याच.

तळ्यावर मात्र हयगय नाही. जुलै-ऑगस्टात दुपारी आभाळ भरून येतं. गडगडाट ऐकू आला की सगळ्या होड्या काठाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात नाही. पोरं रुसतील, रुसू द्या. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघा. बर्फ वितळून आलेलं पाणी इतकं गार, की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

खर्च आपलाच. ट्रेलरमध्ये राहणार असाल तर जूनमध्येही रात्री हीटर लागेल.

घरच्या आठवणीने रडणारी मुलं आजी-आजोबा शोधत येतात. उपदेश नको, हाताला काहीतरी काम द्या. पण एकट्या मुलाला आत घेऊन बसू नका, बाहेर सगळ्यांच्या नजरेसमोर बसा आणि त्याच्या गटप्रमुखाला बोलवा.