टीममध्ये दोघंच असाल तर

सीझनची पहिलीच सायकल रेस आहे, तेव्हा मोठे डावपेच आखत बसू नकोस. एकच गोष्ट आदल्या दिवशी ठरवा: शेवटाला कोणासाठी खेळायचं. ज्याचा स्प्रिंट चांगला त्याने घोळक्यात लपून राहायचं, दुसऱ्याने पळून जाणाऱ्यांवर नजर ठेवायची. हाक मारायला एखादा छोटा शब्द ठरवा. धाप लागली की वाक्यं निघत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते जोडीदार ब्रेकमध्ये, म्हणजे घोळक्यातून पुढे पळालेल्यांत, गेल्यावर. तो पुढे निसटला की तू घोळक्याच्या तोंडाशी येऊन ओढायचं, म्हणजे सगळ्यांना वेग द्यायचा, नाही म्हणजे नाही. पाय शिवशिवतील, पण ओढलंस तर तू त्याचाच पाठलाग करतोयस. कोणी जोडीदाराच्या मागे सुटला तर त्या पाठलाग करणाऱ्याच्या चाकाला चिकट. त्याने कोपर हलवून ‘पुढे ये’ म्हटलं तरी मागेच राहा. शिव्या बसतील, बसू देत! मात्र वाट अडवणं किंवा अचानक ब्रेक दाबणं म्हणजे डावपेच नव्हेत. त्यात लोक पडतात.

बाजूचा वारा असेल तर जोडीदाराच्या थेट मागे आडोसा मिळत नाही, वाऱ्याच्या उलट बाजूला जरा तिरपं राहावं लागतं.

लीडआउट देताना, म्हणजे शेवटी जोडीदाराला मागे घेऊन स्प्रिंटपर्यंत नेताना, झटका मारू नकोस, वेग चढवत ने, नाहीतर जोडीदार मागेच सुटतो आणि तू एकटाच धावत राहतोस. साधारण 200 मीटर उरले की तो स्प्रिंटसाठी तुझ्या मागून बाहेर पडेल. तेव्हा मान वळवून बघू नकोस, आपली रेषा धरून सरळ चालव. मागून अख्खा घोळका येत असतो.