मोबाईलमधला व्हिडिओ राहू दे, आधी डीव्हीआरची डिस्क वाचवा

वागळे इस्टेटमधल्या एका गाळेधारकाचं पत्र आलंय. रात्री गाळ्यातून माल गेला, दार फोडलेलं नाही, कार्ड लावून उघडलंय, आणि लॉगमध्ये, म्हणजे कुठलं कार्ड कधी लागलं त्याच्या मशीनमधल्या नोंदीत, जे कार्ड निघालं ते दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचं. पॅसेजमधला कॅमेरा बिल्डिंगच्या सोसायटीचा. सेक्रेटरींनी फुटेज दाखवलं, यांनी ते स्क्रीनवरून मोबाईलमध्ये शूट केलं, पोलिसांत अर्ज दिला, आणि आता विचारतायत की एवढा पक्का पुरावा असताना केस किती दिवसांत निकाली निघेल. अशी पत्रं सारखी येतात, कधी क्लिनिक असतं कधी कोचिंग क्लास, बाकी गोष्ट हीच.

निकालाचं नंतर बघू. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की चोरीला तीन आठवडे होत आले पण सेक्रेटरी म्हणतात महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहतं. हा महिना त्यांनी मोजला कसा? तुम्हीच लिहिलंय ८ कॅमेरे आणि डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत, ४ टीबीची डिस्क. सतत रेकॉर्डिंग चालू असेल आणि एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरलं तर दिवसाला एका कॅमेऱ्याचे २१-२२ जीबी होतात, आठांचे मिळून १७० च्या वर, म्हणजे डिस्क जेमतेम २३ दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. आधी चार कॅमेरे असताना कदाचित महिना पुरतही असेल, कॅमेरे वाढवले आणि डिस्क तीच ठेवली की दिवस निम्मे होतात हे कुणी बघतच नाही. एकदा वरून लिहिलं गेलं की ते फुटेज मोठ्यातली मोठी लॅबसुद्धा परत आणू शकत नाही. त्यामुळे हे वाचून झाल्यावर उद्यावर टाकू नका.

आजच सोसायटीला लेखी पत्र द्या, पोचेचा शिक्का घ्या, ईमेलही करा. त्यात तारीख, वेळ, कुठला कॅमेरा ते लिहा आणि मागणी एकच, की ही डिस्क काढून सील करावी आणि डीव्हीआरला नवी टाकावी. नव्या डिस्कचे पैसे तुम्ही भरा, त्यावरून वाद घालत बसू नका. डिस्क सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्याने काढावी, दोन माणसं समोर असावीत, सीरियल नंबर लिहून घ्यावा, फोटो काढावा. तुम्ही स्वतः हात लावू नका, नाहीतर उद्या समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. तपास अधिकाऱ्यालाही त्याच पत्राची प्रत द्या आणि पंचनामा करून जप्त करा म्हणून मागे लागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली त्यांना ते मागवता येतं.

आता सर्टिफिकेट. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४). फुटेजची कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने सही करायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा फरक पडला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा. डीव्हीआर सोसायटीचा आहे, म्हणजे भाग अ वर सही त्यांची लागेल, तुमची चालणार नाही. तुमच्या मोबाईलमधला व्हिडिओ फार तर पोलिसांना दिशा दाखवेल. तो फोन जपून ठेवा, पण केस त्याच्या जिवावर उभी राहणार नाही.

सेक्रेटरी सही द्यायला टाळाटाळ करतील, कारण कोर्टाची पायरी कुणालाच नको असते. त्यावर उपाय आहे आणि तो आपल्या जालन्यातूनच आलाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का यावर खोतकर विरुद्ध गोरंट्याल या उमेदवारांचा वाद झाला, निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं रेकॉर्डिंग हा त्यातला पुरावा, आणि अधिकारी पुन्हा पुन्हा मागूनही सर्टिफिकेट देईनात. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की सर्टिफिकेट लागतंच, पण ते मागूनही कुणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट आणायला लावेल. म्हणूनच मागणी लेखी हवी, तोंडी मागितल्याचा काही उपयोग नाही. आणि हा निकाल आला तोवर ज्या विधानसभेची ती निवडणूक होती तिची मुदतही संपून गेली होती. तुम्हाला 'किती दिवसांत' याचा आकडा मी देत नाही तो यामुळेच, कोर्टात जे होईल ते त्याच्या गतीने होईल, डिस्क मात्र थांबत नाही.

दुसरं, लॉग. कार्ड कुणाचं ते लॉग सांगतो, कुणी लावलं ते नाही. कॅमेऱ्यात माणूस दिसतो, नाव दिसत नाही. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, वेळ. तुमच्या लॉगमध्ये ११:४२ आहे आणि फुटेजमध्ये ११:३५, हे तुम्हीच लिहिलंय आणि पुढे सोडून दिलंय! दोन्ही यंत्रांची घड्याळं आत्ता प्रत्यक्षात किती पुढेमागे आहेत ते पंचनाम्यात नोंदवून घ्या, आणि तोपर्यंत कुणालाही वेळ सेट करू देऊ नका. लॉगचंही वेगळं सर्टिफिकेट लागेल, त्याच्या भाग अ वर सही तुमची. एक्सेलमध्ये काढून 'साफ' केलेली फाइल नको, मशीनमधून जशी निघते तशीच हवी. त्या मुलाचं नाव सिस्टीममधून डिलीट करू नका, काही सॉफ्टवेअरमध्ये त्याने जुन्या नोंदीतलं नावही जातं, नुसतं ब्लॉक करा. मुळात तो गेला त्याच दिवशी ब्लॉक करायचं होतं. दोन महिने कार्ड चालू ठेवून आता 'त्यानेच केलं' म्हणताय, पण त्याने कार्ड परत दिलं होतं का, कुणाकडे दिलं, ड्रॉवरमध्ये पडलं होतं का, याचं उत्तर पत्रात कुठेच नाही. तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो चोर म्हणून फिरवणं ताबडतोब थांबवा, अब्रुनुकसानीची केस तुमच्यावर उलटेल.

सिस्टीम बसवणाऱ्यावर दावा लागेल का ते एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागद बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. सोसायटीवर तर आत्ता अजिबात नको, तुम्हाला त्यांची सही हवीय. एफआयआर नोंदवत नसतील तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार आणि मग मॅजिस्ट्रेट, हा मार्ग आहे, वेळ खातो.

इन्शुरन्सबद्दल तुम्ही निश्चिंत दिसताय, मी नाही. बऱ्याच बर्गलरी (घरफोडीच्या) पॉलिसीत जबरदस्तीने घुसल्याची अट असते आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट कंपनीच्या बाजूने धरली होती, तुमचं दार तर कार्डाने उघडलंय. तरी कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा, आणि पॉलिसीची पूर्ण प्रत, अटींच्या बारीक अक्षरांसकट, पोलिसांना दिलेल्या अर्जाबरोबर मला पाठवा.