नायजेरियात नवरा गेल्यावर बाईचं डोकं भादरतात आणि ते करणाऱ्याही बायकाच असतात, हे खरं आहे का? अजून चालतं का?

खरं आहे, पण सगळ्या नायजेरियात नाही. तुम्ही वाचलंत ते बहुतेक इग्बो लोकांबद्दल असणार, म्हणजे एनुगू, अनाम्ब्रा, इमो हा आग्नेयेकडचा पट्टा. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं एनुगूला होतो, त्यामुळे थोडं जवळून बघितलंय.

तिथे कोणी गेलं की त्या घराण्यातल्या सगळ्या लेकी, कुठेही दिलेल्या असोत, माहेरी येतात. त्यांना उमुआदा म्हणतात. त्या नुसत्या रडायला येत नाहीत, त्यांचा वट असतो. इग्बो आठवडा चार दिवसांचा, पूर्वी तेवढा तरी मुक्काम ठोकायच्या, त्यांना याम म्हणजे तिथला कंद, बकरा, दारू सगळं पुरवायचं आणि मानपानात कमी पडलं तर त्या उठायच्याच नाहीत, पुरुषमंडळी पण दबून. भावकीतली भांडणं सुद्धा त्या मिटवतात. आणि विधवा झालेली भावजय यांच्याच ताब्यात. डोकं भादरायचं, जमिनीवर बसवायचं, वर्षभर काळे कपडे, आणि नवऱ्याला हिनेच मारलं असा संशय आला तर प्रेत धुतलेलं पाणी प्यायला लावायचं, हे सगळं करवून घेणाऱ्या नणंदाच.

पण बघा, माहेरी जी उमुआदा ती सासरी फक्त सून. आज भावजयीचं डोकं भादरलं, उद्या सासरी तीच वेळ तिच्यावर. हे बायकांनीच बोलायला सुरुवात केली म्हणून बदल झाला असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये शहरांतल्या, परदेशातल्या इग्बो बायका गावी जमतात, ऑगस्ट मीटिंगच म्हणतात त्याला, तिथे शाळा-दवाखान्याच्या वर्गणीसोबत विधवांना काय करायला लावायचं आणि काय नाही हे पण निघतं. चर्चनेही बराच जोर लावलाय.

आमच्या शेजारणीचे मिस्टर गेले तेव्हा नणंदा बस भरून आल्या, सगळ्यांच्या अंगावर एकाच कापडाचे कपडे. आल्या आल्या बकऱ्यावरून वाद घातला, तो मान त्यांनी अजिबात सोडला नाही. पण वस्तऱ्याचा विषय निघाला तेव्हा थोरली नणंद, रिटायर्ड शिक्षिका, सरळ म्हणाली की हिच्या केसांना कोणी हात लावायचा नाही. पुढे कोणी काही बोललंच नाही. हेच मी बोलले असते तर कोणी ऐकलं असतं?

कायदे पण आहेत. एनुगू राज्याने २००१ मध्येच जबरदस्तीने केस कापणं, प्रेतासोबत खोलीत कोंडणं, दिराशी लग्न लावणं यावर बंदी आणली. २०१५ च्या केंद्राच्या कायद्यात विधवेचा असा छळ केला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे, फक्त तो प्रत्येक राज्याला वेगळा मंजूर करावा लागतो.

तरी खेड्यात अजून चालतं, आणि केसांपेक्षा मोठा प्रश्न घराचा असतो. मुलगा नाही म्हणून विधवेला बाहेर काढायचं, मुलींना बापाच्या इस्टेटीत वाटा द्यायचा नाही, या दोन्हींवर सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बायकांच्या बाजूने निकाल दिले. पण मुलीच्या वाट्याच्या त्या केसमध्ये वडील १९८१ ला गेले होते. खेड्यातल्या बाईला निकालासाठी तेहतीस वर्षं थांबणं कसं परवडणार, तिचं घर राहणार की जाणार हे अजून त्या चार दिवसांत अंगणात बसलेल्या नणंदा काय म्हणतात यावरच असतं.