रेल्वेच्या खिडकीतून वाचायचे प्रेमपत्र

प्रश्न : फिलाडेल्फियात मुलीकडे गेले असताना उन्नत रेल्वेच्या खिडकीतून इमारतींच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली वाक्ये दिसली. आधी मला त्या जाहिरातीच वाटल्या. यांना कला का म्हणायचे, आणि आपल्या शहरात असे काही करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही वाक्ये ‘अ लव्ह लेटर फॉर यू’ या मालिकेतील आहेत. चित्रकार स्टीफन पॉवर्स यांनी 2009 मध्ये म्युरल आर्ट्स या भित्तिचित्रे घडवणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने पश्चिम फिलाडेल्फियातील मार्केट स्ट्रीटलगतच्या 50 भिंतींवर ती साकारली. आपल्याला त्या जाहिराती वाटल्या, यात नवल नाही, कारण पॉवर्स यांनी दुकानांच्या पाट्यांचीच ठसठशीत अक्षरे आणि भडक रंग जाणूनबुजून वापरले आहेत. ते याच भागात वाढले आणि तरुणपणी ‘एस्पो’ या नावाने विनापरवाना भिंती रंगवीत असत. म्युरल आर्ट्सचा उगमही 1984 मधील, अशा रंगवारंगवीला आळा घालणाऱ्या मोहिमेतला. त्याच संस्थेने पॉवर्स यांना भिंती मिळवून द्याव्यात, हे मला फार मोलाचे वाटते.

कला आहे ती शब्द आणि जागा यांच्या जुळणीत. धावत्या गाडीतून भिंत क्षणभरच दिसते, म्हणून वाक्य आटोपशीर हवे आणि अक्षरे डब्यातल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात, छपरांच्या उंचीवर हवीत. एका भिंतीवर ‘मीट मी ऑन फिफ्टी-सेकंड, इफ ओन्ली फॉर फिफ्टी सेकंड्स’ असे आर्जव आहे, म्हणजे पन्नास सेकंद का होईना, पण बावन्नाव्या रस्त्यावर भेट. याच मार्गावर त्या रस्त्याचे स्थानक आहे, त्यामुळे रोज तिथे चढणाऱ्या-उतरणाऱ्याला ही ओळ आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. दुसऱ्या शहरात नेली तर ती निर्जीव होईल.

आपल्याकडे हे अवश्य करता येईल. मात्र सुविचार किंवा घोषवाक्ये रंगवून ते साधणार नाही, ती कोणत्याही भिंतीवर चालतात. आधी वस्तीतल्या लोकांशी बोलावे, मजकूर त्यांच्या बोलण्यातून घ्यावा, घरमालकाची व महापालिकेची परवानगी घ्यावी, आणि फ्लेक्स आल्यापासून काम हातचे गेलेल्या एखाद्या जुन्या पेंटरकडून ती अक्षरे रंगवून घ्यावीत.