मनगटावरचा कॅलरीचा आकडा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फिटनेस बँड आणि स्मार्टवॉचबद्दल आलेल्या पत्रांमधले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. बोलीभाषेत आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. इथे सगळीकडे रूढ शब्दच वापरला आहे.

प्रश्न : एका हातात माझा बँड आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचं स्मार्टवॉच घालून ५० मिनिटं चालले. बँडने १५० कॅलरी दाखवल्या, घड्याळाने २४०. माझं वजन ६८ किलो, वेग ताशी साधारण ५ किलोमीटर. यातलं खोटं कोणतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा कोणतंच नाही. मुळात कॅलरी या दोघांपैकी कुणीच मोजलेल्या नाहीत. मनगटावरचं यंत्र यासाठी मुख्यतः दोन गोष्टी मोजतं : हाताची हालचाल आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके. त्यात तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची आणि लिंग मिसळून ते सूत्राने कॅलरीचा अंदाज काढतं. खरी मोजणी करायची तर तोंडाला मास्क लावून, घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. ते काम प्रयोगशाळेतलं.

आता तुमच्या चालण्याचा हिशेब हाताने करून बघू. शांत बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं. सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटरने चालताना तो खर्च सुमारे साडेतीनपट होतो. ६८ गुणिले ३.५, गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे १९८ कॅलरी. पण त्यातल्या ५७ तुम्ही खुर्चीत बसून राहिला असतात तरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्या की निव्वळ चालण्याच्या १४१ उरतात. तुमचा बँड बहुधा हाच निव्वळ आकडा दाखवतोय.

घड्याळाचं गणित दुसरीकडे आहे. ते नवऱ्याचं आहे, म्हणजे त्यात माहितीही त्यांचीच भरलेली असणार. त्यांचं वजन ८५ किलो असेल, तर हेच चालणं एकूण २४८ कॅलरींचं होतं. एकूण आकडा आणि दुसऱ्याचं वजन या दोन गोष्टींतच तुमचा जवळजवळ सगळा फरक सापडतो.

म्हणून तुलना करण्याआधी ॲपमध्ये आकडा ‘ॲक्टिव्ह’ (निव्वळ) आहे की ‘टोटल’ (एकूण) ते बघा. ॲपल वॉच व्यायामानंतर दोन्ही वेगवेगळे दाखवतं. फिटबिटचा दिवसाचा आकडा मध्यरात्रीपासून विश्रांतीचा खर्च धरून चालतो, त्यामुळे सकाळी सातला अंथरुणातून उठता उठताच त्यावर ४०० च्या आसपास कॅलरी दिसतात. यंत्र बिघडलंय असं समजून ते परत करणारे लोक आहेत!

दोन्ही यंत्रांत तुमचीच माहिती भरली तरी फरक राहीलच. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर आली. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली, पण नाडी बऱ्यापैकी आणि कॅलरी ढोबळ हा क्रम बदललेला नाही. खरेदी करताना निकष नाडीच्या अचूकतेचा लावा. नाडीच चुकली तर पुढचं सूत्र कितीही चांगलं असून उपयोग नाही.

प्रश्न : आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनं उचलतो आणि दोन दिवस सायकल चालवतो. स्मार्टवॉच घ्यावं, रिंग घ्यावी, की छातीचा पट्टा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दोन्ही व्यायामांत मनगट ही सर्वांत अवघड जागा आहे. डंबेल किंवा हँडल घट्ट धरलं की मनगटाजवळचे स्नायू आणि शिरा ताणल्या जातात, मनगट वाकलं की घड्याळ उचललं जातं, सेन्सरखालचा रक्तप्रवाह बदलतो आणि प्रकाशाला नाडी नीट दिसत नाही. बोटात घालायच्या स्मार्ट रिंगचंही तेच. झोप आणि विश्रांतीची नाडी यासाठी ती छान, पण लोखंडी दांडा धरताना बोटात रुतते आणि ओरखडतेही.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, त्यामुळे नाडीच्या बाबतीत घरगुती उपकरणांत तोच सर्वांत भरवशाचा. पोलार एच१० हे त्यातलं परिचित उदाहरण. तो वापरण्याच्या काही सवयी आहेत. आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड घालण्याआधी पाण्याने ओले करा. कोरडा पट्टा घाम येईपर्यंत वेडेवाकडे आकडे देतो. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, दीर्घ श्वास घेता येईल पण सरकणार नाही इतपत घट्ट बसवा. व्यायाम झाला की पुढचा सेन्सर पट्ट्यापासून सोडवून ठेवा. ओल्या पट्ट्याला जोडलेला राहिला तर तो चालूच राहतो आणि नाण्याएवढी बॅटरी लवकर संपते. पट्टा पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाचा थर धरतो. छातीला पट्टा नको असेल तर दंडावर बांधायचा प्रकाश-सेन्सर हा चांगला मधला मार्ग. दंड मनगटासारखा वाकत नाही.

मात्र वजनांच्या व्यायामात नाडी बरोबर आली तरी कॅलरी बरोबर येईलच असं नाही. नाडी आणि ऑक्सिजनचा खर्च बरोबरीने वाढतात हे सूत्राचं गृहीतक चालणं, धावणं, सायकल यांना लागू पडतं. जड वजन उचलताना श्वास रोखला जातो, रक्तदाब चढतो, नाडी उसळते, पण ऑक्सिजनचा खर्च त्या मानाने वाढत नाही. त्या तासाला विश्रांतीच्या साडेतीनपट खर्च धरा आणि पुढे चला. ७५ किलो वजनाच्या माणसाला मधल्या विश्रांतीसकट एका तासाच्या एकूण २६० च्या आसपास.

सायकलसाठी खर्च करायची तयारी असेल तर पॉवर मीटरला तोड नाही. तो पॅडलवर लावलेला जोर मोजतो. तासभर सरासरी १५० वॅट म्हणजे ५४० किलोज्यूल काम. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २४ टक्के धरली तर शरीराचा खर्च ५४० ते ६४५ कॅलरी येतो. किलोज्यूलचा आकडा तसाच कॅलरी म्हणून वाचायची सायकलस्वारांची रीत यातूनच आली आहे.

प्रश्न : सकाळी दोन तास स्वयंपाकघरात असते. पोळ्या लाटताना बँड पावलं मोजतो आणि बाजारातून पिशव्या घेऊन आले की मोजतच नाही. हातात बांगड्या असतात, त्यामुळे नाडीही कधी दिसते, कधी नाही.
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : हात एका तालात पुढे-मागे झाला की बँडला ते पाऊल वाटतं. लाटणं, भांडी घासणं, कपडे घासणं या सगळ्यांत हीच गडबड होते. याउलट दोन्ही हातांत पिशव्या असतील, जिन्याचा कठडा धरला असेल किंवा बाबागाडी ढकलत असाल, तर पाय चालत असून हात स्थिर राहतो आणि पावलं बुडतात.

ज्या हाताने काम कमी करता त्या हातात बँड घाला आणि ॲपमध्ये तोच हात निवडा. तो प्रमुख हात आहे की दुसरा, असं बऱ्याच ॲपमध्ये विचारलेलं असतं. बँड प्रमुख हातातच घालावा लागला आणि ॲपमध्ये तसं निवडलं, तर अशी फसवी पावलं काही प्रमाणात गाळली जातात. त्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात घालता आल्या तर उत्तम. बांगडी दर हालचालीला बँडवर आपटते, बँड क्षणभर उचलला जातो, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडी हरवते. बांगड्या काढायच्या नसतील तर मनगटाच्या हाडापासून कोपराकडे दोन बोटं सोडून, बांगड्यांच्या वर, बँड बांधा. तिथे मांस जास्त असल्यामुळे सेन्सर टेकतोही चांगला. पीठ आणि तेलाचा थर सेन्सरच्या काचेवर बसतो, ती रोज ओल्या फडक्याने पुसा.

आणि घरकामाला कमी लेखू नका. उभं राहून स्वयंपाक करताना खर्च विश्रांतीच्या दुपटीच्या आसपास असतो, फरशी पुसताना साडेतीनपट, सावकाश जिना चढताना चौपट. बँडने त्यातलं काही टिपलं नाही म्हणून ते झालंच नाही असं नाही.

प्रश्न : मे महिन्यात तोच रस्ता, तोच वेळ, तरी घड्याळ डिसेंबरपेक्षा जास्त कॅलरी दाखवतं. उन्हात चरबी जास्त जळते का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : नाही. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून त्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. घड्याळाला ठोके दिसतात, कारण दिसत नाही. ते जास्त मेहनत समजून आकडा वाढवतं. घामाने घटलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं. त्या दिवसांत कॅलरीऐवजी अंतर आणि वेळ बघा, आणि नाडी नेहमीपेक्षा बरीच चढलेली दिसली तर वेग कमी करा. घड्याळाचा खरा उपयोग तिथे आहे.

प्रश्न : वय ५८. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. मुलाने स्मार्टवॉच दिलं, पण कितीही चाललं तरी ते मला ‘हलका व्यायाम’ म्हणतं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, ते त्यांचं कामच आहे. घड्याळ मात्र बहुधा २२० वजा वय या ठोकताळ्याने तुमची कमाल नाडी १६२ धरून बसलं असणार. तुमची मेहनत खरी आहे, घड्याळाला ती कमी दिसते. औषध नेहमीसारखंच चालू ठेवा. घड्याळावर मिनिटं आणि पावलं बघा, आणि मेहनत बोलण्यावरून ओळखा : चालताना वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी दमछाक म्हणजे मध्यम व्यायाम. चक्कर किंवा छातीत दुखणं जाणवलं तर घड्याळ काहीही म्हणो, थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : घड्याळ रोज २४०० कॅलरी खर्च दाखवतं. मी मोजून १९०० खातो. तीन आठवड्यांत सव्वा किलो तरी कमी व्हायला हवं होतं, अर्धाच किलो झालं. कुठे चुकतंय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमच्याकडे घड्याळ तपासायची सगळी सामग्री आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. अर्धा किलो म्हणजे ३८५०. २१ दिवसांनी भागलं तर रोजची तूट १८३. खाणं १९००, म्हणजे खरा खर्च २०८३ च्या आसपास. २०८३ भागिले २४०० बरोबर ०.८७. यापुढे घड्याळाच्या आकड्याला ०.८७ ने गुणा. हा गुणक फक्त तुमचा आणि त्याच घड्याळाचा, दुसऱ्याला चालणार नाही.

गुणक पक्का करण्याआधी दोन गोष्टी तपासा. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी दुसऱ्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून बघा. एका दिवसात एखादा किलो पाण्यानेच इकडेतिकडे होतो. स्त्रियांनी पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्यांची तुलना करावी. दुसरं म्हणजे तेल. पाच मिलिलिटरचा एक चमचा तेल ४० कॅलरींचं असतं. फोडणीचं तेल अंदाजाने लिहिलं, पोळीवरचं तूप लिहायचंच राहिलं, तर रोजच्या दीडशे-दोनशे कॅलरी वहीत येत नाहीत आणि दोष घड्याळावर जातो. एक आठवडा तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर काट्यावर ठेवून बघा.

व्यायामात ३०० दाखवल्या म्हणून तेवढं जास्तीचं खाणं मात्र बंद करा. गुणक ठरेपर्यंत त्यातल्या निम्म्याच खऱ्या धरा.

प्रश्न : तीन-चार हजारांत बँड घ्यायचा आहे. दुकानात किंवा परत करायच्या मुदतीत काय तपासू? टॉवेलला बांधला तरी नाडी दाखवतो तो नकली असतो, असं ऐकलंय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : टॉवेलची परीक्षा निरुपयोगी आहे. सेन्सर परत आलेल्या प्रकाशात लय शोधतो. चांगली घड्याळंही कधीकधी टॉवेलवर किंवा केळ्यावर आकडा दाखवतात. त्याऐवजी पाच मिनिटं शांत बसा, दुसऱ्या हाताच्या मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा आणि बँडशी ताडा. मग दोन-तीन मजले भराभर चढून थांबा आणि लगेच तेच करा. फरक ५ ठोक्यांच्या आत असेल तर बँड चांगला. वीस-तीस सेकंद उशिरा चढला तर चालेल, चढलाच नाही तर परत करा.

नंतर दहा मिनिटं जॉगिंग करून आलेख बघा. सुरुवातीच्या मिनिटभरातच नाडी १६०-१७० ला जाऊन सरळ रेषेत राहिली, तर बँड नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतोय, कारण धावताना मिनिटाला पावलंही तेवढीच पडतात. पट्टा एक भोक घट्ट करून पुन्हा बघा.

सेटिंगमध्ये नाडी दर १० मिनिटांनी घेण्याऐवजी सतत घेण्याचा पर्याय हवा. तो चालू केला की जाहिरातीतली १४ दिवसांची बॅटरी बरीच कमी टिकते, हे धरून चाला. ॲपने वय, वजन, उंची आणि लिंग चारही विचारले नाहीत तर त्यातली कॅलरी विसरा. वजन दोन किलोने बदललं की ॲपमध्येही बदला. सह्याद्रीत चढाई करत असाल तर हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर आहे का ते विचारा. या किमतीत तो क्वचितच मिळतो. नसेल तर चढाईचा हिशेब असा : ६५ किलोच्या माणसाने ५०० मीटर उंची चढली, तर सपाट चालण्याच्या खर्चावर आणखी सुमारे ३०० कॅलरी धरायच्या. पाठीवरच्या सॅकचं वजन त्या ६५ मध्ये मिळवा.